शेव्हरोले व्हेगा : खप चढत असताना बिघडत गेलेली गाडी

सत्तरच्या दशकातल्या नावडत्या अमेरिकन गाड्यांची यादी कोणीही काढली, तरी तीत फोर्ड पिंटो, एएमसी ग्रेमलिन, एएमसी पेसर आणि शेव्हरोले व्हेगा ही चार नावं ठरलेली असतात. या चौघींतली व्हेगाच मी अभ्यासाला घेतली, कारण तिच्याबाबतीत नावड फार उशिरा आली. पहिली तीन-चार वर्षं ती लोकांना आवडत होती, खपत होती, तिचं कौतुक होत होतं. आणि नेमक्या त्याच वर्षांत तिच्यातले दोष सर्वांत गंभीर होते. हे दोन्ही एकाच वेळी कसं घडलं आणि कोणत्या वळणावर ते थांबवता आलं असतं, हे इथे मांडलं आहे. मालक, कामगार आणि विक्रेते यांची नावं घेतलेली नाहीत. नावं आहेत ती सार्वजनिक निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांचीच.

पार्श्वभूमी

शेव्हरोले हे नाव आपल्याकडे अनोळखी नाही. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत गाड्यांची जोडणी सुरू केली होती, आणि २०२० पर्यंत पुण्याजवळच्या तळेगावातून याच नावाच्या गाड्या बाहेर पडत होत्या. पण व्हेगाची गोष्ट पूर्णपणे अमेरिकेतली आहे, आणि ती समजायची तर १९६८ सालची जनरल मोटर्स डोळ्यांसमोर आणावी लागते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांपैकी जवळजवळ एक या एकाच कंपनीची. शेव्हरोले, पॉन्टिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, ब्युइक, कॅडिलॅक अशा तिच्या पाच शाखा. प्रत्येक शाखेचे स्वतःचे इंजिनिअर, स्वतःचा रुबाब, आणि आपली गाडी आपण घडवायची हा जुना शिरस्ता.

या बलाढ्य कंपनीला त्रास देत होती एक छोटी जर्मन गाडी. फोक्सवॅगन बीटल १९६८ साली अमेरिकेत चार लाखांहून जास्त खपली. तिच्या मागोमाग टोयोटा आणि डॅटसन या जपानी गाड्या येत होत्या. आयात गाड्यांचा वाटा बाजाराच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास पोहोचला होता. मोठ्या गाडीत नफाही मोठा, त्यामुळे लहान गाडीकडे डेट्रॉइटनं, म्हणजे अमेरिकन मोटार उद्योगानं, मनापासून कधी पाहिलंच नव्हतं. जनरल मोटर्सनं १९६० साली कॉरव्हेअर ही मागे इंजिन असलेली गाडी आणली, पण तिच्या सुरक्षिततेवरून मोठा वाद झाला आणि १९६९ मध्ये ती बंद पडली.

३ ऑक्टोबर १९६८ रोजी कंपनीचे अध्यक्ष जेम्स रॉश यांनी जाहीर केलं की, दोन वर्षांत जनरल मोटर्स स्वतःची छोटी अमेरिकन गाडी आणेल. वजन २,००० पौंडांच्या आत, म्हणजे साधारण ९०० किलो. किंमत बीटलच्या जवळपास. तंत्रज्ञान सर्वांत आधुनिक.

या दिवशी गाडी अस्तित्वात नव्हती. तारीख, वजन आणि किंमत मात्र साऱ्या देशाला सांगून झाली होती. माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्या दबावाखाली झाला.

अडचण कशी तयार झाली

गाडीची संकल्पना शेव्हरोलेच्या इंजिनिअरांची नव्हती. ती कंपनीच्या मध्यवर्ती तांत्रिक विभागात तयार झाली, आणि तिच्यामागे होते व्यवस्थापकीय प्रमुख एड कोल. कोल हे साधे प्रशासक नव्हेत. १९५५ सालच्या शेव्हरोलेच्या प्रसिद्ध व्ही-८ इंजिनामागे त्यांचं डोकं होतं. कॉरव्हेअरही त्यांचीच. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनावर त्यांचा मनापासून विश्वास होता. शेव्हरोलेनं आणि पॉन्टिअ‍ॅकनं आपापल्या छोट्या गाड्यांचे आराखडे पुढे केले होते. ते बाजूला ठेवून वरून आलेला आराखडा शेव्हरोलेच्या हाती देण्यात आला.

जॉन डिलोरिअन फेब्रुवारी १९६९ मध्ये शेव्हरोलेचे प्रमुख झाले तेव्हा ही गाडी त्यांना आयतीच मिळाली. आपल्या इंजिनिअरांना या गाडीबद्दल आपलेपणा वाटत नव्हता, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्यांनीच सांगितलेली आणखी एक गोष्ट अशी : मिलफर्डच्या चाचणी मैदानावर पहिला नमुना जेमतेम आठ मैल चालला आणि गाडीचा पुढचा भाग सांगाड्यापासून सुटला. मग मजबुती वाढवावी लागली, आणि मजबुतीबरोबर वजन वाढलं. डिलोरिअन यांनी नंतर कंपनी सोडली आणि तिच्यावर कडवट टीका केली, तेव्हा त्यांचं म्हणणं थोडं जपूनच घ्यायला हवं. पण वजन वाढलं याबद्दल वाद नाही. गाडी बाजारात आली तेव्हा ती २,२०० पौंडांच्या आसपास होती.

वजन वाढलं तरी तारीख हलली नाही. किमतीचं वचन मात्र पाळता येईना, आणि मग प्रत्येक सुट्या भागाच्या खर्चावर कात्री फिरू लागली.

समोर असलेले पर्याय

इंजिनाचा प्रश्न घेतला तर जनरल मोटर्सकडे पर्यायांची अजिबात वाण नव्हती. शेव्हरोलेचंच बिडाचं चार सिलिंडरचं इंजिन शेव्ही-टू या गाडीत वर्षानुवर्षं चालत होतं. जड होतं, आवाज करायचं, पण भरवशाचं होतं. कंपनीच्या जर्मन शाखेत, ओपेलमध्ये, छोट्या गाड्यांची तयार इंजिनं होती. ओपेलची कॅडेट तर अमेरिकेतच ब्युइकच्या दुकानांतून विकली जात होती.

बाकीच्या कंपन्यांनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. फोर्डनं पिंटोमध्ये आपल्या इंग्लिश आणि जर्मन शाखांची चालती इंजिनं बसवली. अमेरिकन मोटर्सजवळ (एएमसी) पैसाच नव्हता. त्यांनी आपल्या हॉर्नेट गाडीची शेपटी छाटली आणि १ एप्रिल १९७० रोजी ग्रेमलिन म्हणून विकायला काढली. दोघांनीही इंजिनाचा धोका पत्करला नाही. पिंटोचं दुर्दैव दुसरीकडे, मागच्या पेट्रोल टाकीत दडलेलं होतं, आणि तो स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे.

जनरल मोटर्सनं निवडलं ते पूर्णपणे नवं इंजिन. २.३ लिटरचं, चार सिलिंडरचं, ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) अ‍ॅल्युमिनियमचा. रेनॉल्ड्स मेटल्सच्या साहाय्यानं तयार झालेल्या या मिश्रधातूत सुमारे १७ टक्के सिलिकॉन होतं. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक म्हटला की आत बिडाच्या स्लीव्ह (नळीसारखी अस्तरं) घालायच्या, ही नेहमीची पद्धत. इथे स्लीव्हच काढून टाकल्या. सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर विद्युत-रासायनिक प्रक्रिया करून अ‍ॅल्युमिनियम किंचित खाल्लं जाई आणि सिलिकॉनचे कठीण कण वर उघडे राहत. पिस्टनवर लोखंडाचा मुलामा असे, आणि तो या कणांवरून घसरे. कल्पना सुंदर होती. हे मी मनापासून म्हणतो, कारण हाच मिश्रधातू आणि हीच बिनस्लीव्हची पद्धत पुढे पोर्शनं आपल्या ९२८ या महागड्या गाडीत यशस्वीपणे वापरली. ‘अ‍ॅल्युमिनियम वाईट होतं’ असं म्हणून व्हेगाचा विषय संपवणं मला म्हणूनच पटत नाही.

चूक या ब्लॉकच्या आजूबाजूला होती. त्यावर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बसवलं ते बिडाचं. दोन धातू वापरायचे तर एरवी बहुतेक ठिकाणी उलट असे, बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, त्यामुळे दोघांमधल्या गॅस्केटवर (गळती थांबवणाऱ्या पातळ थरावर) सतत ताण. त्यात ब्लॉकची वरची बाजू उघडी ठेवलेली, म्हणजे सिलिंडरांना वरून आधार नाही. आणि रेडिएटर लहान. इंजिन ठरलेल्या तापमानात राहिलं तर हे सगळं चालून जात होतं. एकदा ते तापलं की सावरायला फारशी जागा नव्हती.

पर्यायांचा विचार करताना कंपनीनं प्रत्येक भाग वेगवेगळा तपासला असावा असं दिसतं. नवा मिश्रधातू, नव्या प्रकारे हेड आणि ब्लॉक जुळवलेलं इंजिन, नवी गंजरोधक प्रक्रिया, नव्या वेगाची असेंब्ली लाइन, नवी वाहतूक. यातली कोणतीही एक नवलाई पेलण्याइतकी कंपनी समर्थ होतीच. पाचही एकाच गाडीत, एकाच तारखेला आणायच्या का, हा प्रश्न कोणी ठामपणे विचारल्याचं आढळत नाही.

काय केलं गेलं

१० सप्टेंबर १९७० रोजी व्हेगा बाजारात आली. सुरुवातीची किंमत २,०९० डॉलर. दुसऱ्याच दिवशी १,९१९ डॉलरची पिंटो आली. बीटल व्हेगापेक्षा अडीचशे-तीनशे डॉलरनं स्वस्त होती. तरीही व्हेगाचं स्वागत फार चांगलं झालं. ती दिसायला खरोखर देखणी होती. शेव्हरोलेच्याच रुबाबदार कॅमॅरो गाडीची छोटी बहीण शोभावी अशी तिची घडण, रस्त्यावरची पकडही छान. मोटर ट्रेंड या नियतकालिकानं १९७१ सालची सर्वोत्तम गाडी म्हणून तिला निवडलं.

गाडी बनत होती ओहायो राज्यातल्या लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात. तिथे वेल्डिंगसाठी दोन डझनांहून अधिक युनिमेट यंत्रमानव बसवले होते. लाइनचा वेग ताशी शंभर गाड्यांपर्यंत ठेवला होता, म्हणजे दर ३६ सेकंदांना एक गाडी. एरवीच्या लाइनवर एका कामगाराला एका गाडीसाठी साधारण मिनिटभर मिळे. इथे त्याच्या जवळजवळ निम्म्या वेळात बोल्ट आवळायचा, वायर जोडायची आणि पुढच्या गाडीकडे वळायचं, आठ तास.

वाहतुकीतली कल्पकता मात्र दाद देण्याजोगी होती. सदर्न पॅसिफिक रेल्वेबरोबर मिळून कंपनीनं असे डबे बनवले की त्यांत गाड्या नाकावर उभ्या, सरळ खाली तोंड करून टांगलेल्या जात. नेहमीच्या तीन मजली डब्यात अठरा गाड्या मावत, या डब्यात तीस. त्यासाठी गाडीच्या आत बदल करावे लागले. उभ्या अवस्थेत ऑइल पुढच्या सिलिंडरात उतरू नये म्हणून इंजिनात आडोसा, बॅटरीची झाकणं मागच्या कडेला, काच धुण्याच्या पाण्याची बाटली तिरकी. डब्यातून उतरली की गाडी लगेच चालवत नेता यायची. एवढी बारकाईची अक्कल गाडी पोहोचवण्यात लागली, आणि रेडिएटरला दोन लिटर पाणी जास्त मिळालं नाही, हे वाचताना मन चुकचुकतं.

मग तक्रारी सुरू झाल्या. १९७२ मध्ये तीन मोठे रिकॉल आले, म्हणजे विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या गेल्या. पहिल्यात सुमारे १ लाख ३० हजार गाड्या. इंजिन उलट धडाडून सायलेन्सर फुटण्याचा आणि पेट्रोल टाकी तापून आग लागण्याचा धोका. दुसऱ्यात साडेतीन लाख. कार्ब्युरेटरजवळचा एक भाग सुटून थ्रॉटल उघडाच अडकण्याची शक्यता. तिसऱ्यात ५ लाख २६ हजार. मागचा अ‍ॅक्सल आखूड राहिल्यामुळे चाक निघून जाण्याची भीती. त्या उन्हाळ्यापर्यंत बनलेल्या बहुतेक सगळ्या व्हेगा एखाद्या तरी रिकॉलमध्ये आल्या.

मालकाच्या घरी काय घडत होतं ते एका ठरावीक क्रमानं घडे. इंजिनाच्या थरथरीनं कुठेतरी सांधे सैल पडत. व्हॉल्व्हची सीलं लवकर कडक होत आणि गाडी ऑइल खायला लागे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, थोडं थोडं कमी होई, पण त्याची सूचना देणारा दिवा नव्हता आणि ज्यादा बाटलीही नव्हती. एखाद्या गरम दिवशी चढावर गाडी तापे. तापलेला ब्लॉक वाकडा होई, गॅस्केट गळे, कूलंट सिलिंडरात जाई, आणि पिस्टन-सिलिंडरचा तो नाजूक पृष्ठभाग खरवडला जाई. त्यानंतर निळा धूर आणि दर थोड्या मैलांनी ऑइलचा डबा. डीलरकडे अर्धं इंजिन बदललं जाई, किंवा ब्लॉक बोअर करून त्यात बिडाच्या स्लीव्ह मारल्या जात. जी गोष्ट मुळात काढून टाकली होती, तीच गॅरेजमधल्या मेकॅनिकला परत घालावी लागली.

वॉरंटी त्या काळी बारा महिने किंवा १२,००० मैलांची. बहुतेकांची इंजिनं त्यानंतर बसत. व्हेगा घेणारा माणूस श्रीमंत नव्हता. नुकतीच नोकरी लागलेला तरुण, घरातली दुसरी गाडी घेणारं मध्यमवर्गीय कुटुंब, शाळेतली शिक्षिका, अशी ही माणसं. गाडीचे हप्ते संपायच्या आत इंजिनाचा खर्च उभा राहणं त्यांच्यासाठी किती जड असेल, हे आपल्याकडे कर्ज काढून पहिली गाडी घेतलेल्या कोणालाही सांगायला नको.

आणि गंज. पत्र्याला गंजरोधक थर देण्यासाठी पूर्ण सांगाडा द्रावणाच्या हौदात बुडवत. पुढच्या मडगार्डच्या वरच्या कोपऱ्यात हवेचा फुगा अडकून राही आणि तिथे थर पोहोचतच नसे. त्याच जागी आतून प्लॅस्टिकचं अस्तर लावायचं मूळ आराखड्यात होतं. दर गाडीमागे दोन-अडीच डॉलर वाचवण्यासाठी ते वगळलं गेलं. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ आणि चिखल नेमके त्या उघड्या कोपऱ्यात साचे. एक-दोन हिवाळ्यांत मडगार्डला भोकं पडत. कंपनीनं पुढे हजारो मालकांना मडगार्ड फुकट बदलून दिले. अडीच डॉलर वाचवण्याच्या नादात दर गाडीमागे कितीतरी पट खर्च अंगावर आला.

लॉर्ड्सटाउनचा संप

या प्रकरणाचा हा भाग अनेक जण गाडीपासून वेगळा काढून सांगतात. मला तो गाडीचाच भाग वाटतो.

ऑक्टोबर १९७१ मध्ये लॉर्ड्सटाउनचा कारभार शेव्हरोलेकडून काढून कंपनीच्या मध्यवर्ती असेंब्ली विभागाकडे देण्यात आला. खर्च कमी करणं हे या विभागाचं काम, आणि त्याची ख्याती कडक शिस्तीची. शेकडो कामगार कमी झाले. लाइनचा वेग तोच राहिला. म्हणजे उरलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला जास्त काम. कामगारांचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास होतं. काही जण नुकतेच व्हिएतनाममधून परतलेले. ही पिढी बापजाद्यांसारखी गप्प बसून राबणारी नव्हती. युनियनकडे तक्रारींचा ढीग साचला. अर्धवट जोडलेल्या गाड्या लाइनवरून पुढे जाऊ लागल्या आणि कारखान्याच्या आवारात दुरुस्तीसाठी रांगा लागल्या. व्यवस्थापनानं मुद्दाम मोडतोड केल्याचा आरोप केला : कापलेल्या गाद्या, ओरखडलेला रंग, तुटलेले आरसे. युनियनचं म्हणणं होतं की माणसं कमी केल्यावर काम अपुरंच राहणार.

मार्च १९७२ मध्ये संप झाला. मतदानात ९७ टक्के कामगारांनी संपाच्या बाजूनं कौल दिला होता, आणि तो २२ दिवस चालला. पगारवाढ ही मुख्य मागणी नव्हतीच. मुद्दा होता तो कामाच्या वेगाचा आणि कमी केलेल्या माणसांचा. शेवटी बरेच कामगार परत घेतले गेले. देशभरातल्या वर्तमानपत्रांनी या गोष्टीवर रकाने भरले आणि ‘लॉर्ड्सटाउन’ हे नाव असेंब्ली लाइनवरच्या असंतोषाचं प्रतीक बनलं.

मी याकडे निर्णयाचं वळण म्हणून पाहतो, कारण ३६ सेकंदांत गाडी निसटते आहे हे सर्वांत आधी कामगारांना दिसत होतं. बोल्ट नीट बसत नाही हे त्यांच्या हाताला कळत होतं. कारखान्यातून आलेली ही दर्जाबद्दलची सूचना होती, आणि ती शिस्तीचा प्रश्न म्हणून हाताळली गेली.

परिणाम

आता खपाचे आकडे पाहू. १९७१ साली पावणेतीन लाखांच्या वर गाड्या बनल्या. १९७२ आणि १९७३ मध्ये दर वर्षी जवळजवळ चार लाख. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि छोट्या गाड्यांवर उड्या पडल्या. १९७४ साली व्हेगानं साडेचार लाखांचा टप्पा गाठला. तीन रिकॉल, एक संप, गळणारी इंजिनं आणि सडणारे पत्रे, हे सगळं होऊनही खप दर वर्षी चढता.

पुढच्याच वर्षी तो निम्म्याहून खाली आला. १९७७ मध्ये, शेवटच्या वर्षी, ८० हजारांचा आकडाही गाठता आला नाही.

खपाचा आकडा नव्या गिऱ्हाइकाचं मन सांगतो, आणि नवं गिऱ्हाईक अजून गाडी वापरलेलं नसतं. इंजिन बसायला दोन-तीन वर्षं लागतात. पत्रा सडायला दोन हिवाळे. त्यानंतर मालक गाडी विकायला काढतो, तेव्हा जुन्या बाजारात तिला कोणी विचारत नाही, आणि मग ही गोष्ट शेजारी, मेव्हणा, ऑफिसातला सहकारी यांच्या कानावर जाते. १९७१ सालच्या गाडीची नाराजी १९७४-७५ मध्ये बाजारात पोहोचली. तोवर पंधरा लाखांच्या आसपास गाड्या रस्त्यावर होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींत तेच दोष होते. वॉरंटीचे दावे, डीलरांकडची स्लीव्ह मारण्याची कामं, मडगार्डच्या मागण्या हे सगळं कंपनीच्या फायलींत १९७२ पासून जमत होतं. पण कारखाना पूर्ण वेगानं चालू असताना त्या फायलींचं वजन कमी भरलं.

दुरुस्तीही झाली, हे मान्य करायला हवं. मडगार्डला १९७४ पासून अस्तर लागलं, पुढे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आला. जुन्या मालकांना कूलंटची बाटली आणि पातळीचा दिवा बसवून दिला गेला, आणि इंजिनाची वॉरंटी ५०,००० मैलांपर्यंत वाढवली गेली. १९७६ साठी इंजिनात बरेच बदल झाले : चांगली गॅस्केट, सुधारलेले कूलंटचे मार्ग, नवी व्हॉल्व्ह सीलं. पाच वर्षं किंवा ६०,००० मैलांची वॉरंटी मिळू लागली. ती खरी आहे हे दाखवायला तीन गाड्या १९७५ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्निया-नेवाडाच्या वाळवंटात साठ दिवसांत प्रत्येकी ६०,००० मैल पळवल्या. गाड्या तगल्या. शेवटच्या दोन वर्षांतली व्हेगा खरोखर चांगली गाडी होती. ती घ्यायला कोणी उरलं नव्हतं. एकंदर सुमारे वीस लाख व्हेगा बनल्या. तिची जागा कंपनीनं १९७५ मध्ये आणलेल्या शेव्हेट या छोट्या गाडीनं घेतली. शेव्हेटचं इंजिन बिडाचं होतं.

एक परिणाम कंपनीच्या बाहेरही झाला. व्हेगा आणि तिच्या भावंडांसाठी जनरल मोटर्स वान्केल पद्धतीचं फिरतं इंजिन तयार करत होती. ते इंजिन विकत मिळेल या भरवशावर अमेरिकन मोटर्सनं पेसर ही गाडी आखली. १९७४ मध्ये जनरल मोटर्सनं हात आखडता घेतला, आणि पेसरच्या आखूड नाकात जड सहा सिलिंडरचं इंजिन कोंबावं लागलं. पेसर पुढे टिंगलीचा विषय झाली. तिच्या वाट्याला आलेल्या त्या बदनामीतला काही भाग तरी दुसऱ्याच्या निर्णयाचा होता.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत सोपा उपाय इंजिनाचा होता. गाडी तीच ठेवून पहिल्या दोन वर्षांसाठी बिडाचं इंजिन द्यायचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन थोड्या गाड्यांत बसवून गिऱ्हाइकांच्या हातात तपासायचं. वजन थोडं वाढलं असतं. पण वजनाचं वचन तर एवीतेवी मोडलंच होतं. ते मोडल्याचं कबूल केलं असतं तर बिडाच्या इंजिनाची वाट मोकळी होती. जाहीर केलेले तीन आकडे, तारीख, वजन आणि किंमत, यांतले दोन हातचे गेले तरी तिसरा सोडायची तयारी कोणी दाखवली नाही. माझ्या मते सगळ्यांत आधी तारीख सोडायला हवी होती.

दुसरी गोष्ट चाचण्यांची. चाचण्या झाल्याच नाहीत असं नाही. लाखो मैलांच्या चाचण्यांचा दावा कंपनीनं केला होता. पण चाचणी मैदानावरच्या गाडीत रोज सकाळी कूलंट आणि ऑइल तपासलं जातं, आणि चालवणारा तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवून असतो. शिक्षिकेच्या किंवा कॉलेजातल्या मुलाच्या गाडीचं बॉनेट महिनोन् महिने उघडलं जात नाही. स्वस्त गाडीची चाचणी दुर्लक्ष गृहीत धरूनच व्हायला हवी. कूलंट एक लिटर कमी असताना चढावर काय होतं, मिठाच्या रस्त्यावर न धुता एक हिवाळा काढला तर मडगार्डचं काय होतं, असे प्रश्न विचारायला हवे होते.

तिसरी, खपाच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवण्याची. महिन्याला किती गाड्या विकल्या याबरोबरच, दोन वर्षं वय झालेल्या गाड्यांपैकी किती परत आल्या, हा आकडा वरिष्ठांच्या टेबलावर असता, तर १९७३ सालीच चित्र बदललं असतं. आणि लाइनवर एखाद्या कामगाराला ‘हे बसत नाही’ म्हणून लाइन थांबवता आली असती, तर त्या आकड्याची वाटही पाहावी लागली नसती. टोयोटाच्या कारखान्यांत त्याच काळात कामगाराला दोरी ओढून लाइन थांबवण्याची मुभा होती. लॉर्ड्सटाउनमध्ये लाइन थांबली ती संपानं.

खरं तर थांबण्याची एक संधी आपणहून चालून आली होती. व्हेगा बाजारात येऊन पाच दिवस होतात न होतात तोच, १५ सप्टेंबर १९७० रोजी, देशभरातल्या जनरल मोटर्सच्या कामगारांचा संप सुरू झाला. तो ६७ दिवस चालला आणि लॉर्ड्सटाउनही बंद राहिलं. गाड्या बनत नव्हत्या, पण आधीच विकलेल्या पहिल्या काही हजार व्हेगा रस्त्यावर होत्या आणि इंजिनिअर कामावर होते. त्या गाड्यांपैकी काही परत मागवून उघडून पाहायला, रेडिएटर वाढवायला, मडगार्डचं अस्तर परत आणायला नऊ आठवडे हातात होते. नोव्हेंबरच्या अखेरीस कारखाना सुरू झाला तेव्हा बुडालेलं उत्पादन भरून काढणं हे पहिलं उद्दिष्ट ठरलं, आणि त्या हिवाळ्यात बनलेल्या गाड्या सप्टेंबरमधल्या गाड्यांसारख्याच बाहेर पडल्या.